न धुतलेले धडपे

अक्का गेल्या आठवड्यात होटगीला भावाच्या घरी वारली. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी संपलं. भाऊ रेल्वेत गँगमन आहे. तोच सकाळच्या गाडीने मला सांगायला आला. मी त्याला बसवलं, चहा दिला, काय काय झालं ते विचारून घेतलं आणि पाळणाघर उघडायला निघाले. भोंगा व्हायला वीस मिनिटं होती. अक्का माझ्या जागी असती तर तीही निघाली असती, आणि चहाही बहुधा दिला नसता.

सोलापुरातल्या एका गिरणीच्या पाळणाघरात आम्ही दोघींनी अकरा वर्षं बरोबर काढली. कागदोपत्री मी नर्स आणि ती आया. मी तिला माझी सहकारी म्हणते तेव्हा आमचे हेडक्लार्क चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. बघोत.

अक्का हे तिचं नाव नव्हे. आमच्या गिरणीत मराठी बाया आहेत, अक्कलकोटकडच्या कानडी बोलणाऱ्या आहेत, विणकरांच्या घरच्या तेलुगू बोलणाऱ्या आहेत. तिन्ही भाषांत चालेल अशी एकच हाक सगळ्यांच्या तोंडी बसली, ती ही. खरं नाव हजेरीपुस्तकात आहे.

ती सांगोल्याकडची, धनगराच्या घरची. नवरा गेला, पाठोपाठ मेंढरं रोगाने गेली, आणि ती भावाच्या आश्रयाला होटगीत आली. तिथून रोज गाडीने सोलापूर. अंगाने काटक, रंगाने काळी, तंबाखूची सवय. त्या तंबाखूवरून आमचं अकरा वर्षं भांडण चाललं आणि शेवटपर्यंत ती जिंकली. लिहिता-वाचता येत नव्हतं. हातात मात्र काहीही द्या, त्याचं काहीतरी करी. फुटक्या बॉबिनींत खडे भरून तिने खुळखुळे केले. सहा पाळण्यांच्या दोऱ्या एका सुंभाला बांधून त्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं, म्हणजे बसल्या जागी सहा पोरं हलत आणि हात भाकरी खायला मोकळे राहत. वैशाखात पत्रा तापला की ओली गोणपाटं वर टाकून ती छत निववी. हे सगळं मी पाहिलं आणि शिकले. पण जे सांगायला बसले आहे ते यातलं नाही.

आमचं पाळणाघर सुरू झालं तेव्हा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा यायचा होता. बाई महिन्या-दीड महिन्याचं मूल घरी टाकून कामावर येई. ते दिवसभर झोपून राहावं म्हणून भोंग्याच्या आधी त्याला मोहरीएवढी अफू चारायची, ही रीत. बायका तिला नुसती ‘गोळी’ म्हणत. सरकारी दुकानात मिळे, सासूने सुनेला शिकवलेली असे, आणि गोळी न देणारी आई बेपर्वा समजली जाई. मुलं झोपत. काही जास्तच झोपत. मी मिशनच्या इस्पितळात तीन वर्षं शिकून आले होते आणि अशी झोपलेली दोन मुलं माझ्या हातात आली होती. एक परत जागं झालं.

गिरणीच्या मालकांनी मुंबईहून हुकूम पाठवला आणि वाइंडिंग खात्याला, म्हणजे सूत बॉबिनीवर गुंडाळायच्या खात्याला, लागून असलेल्या रिकाम्या शेडमध्ये चोवीस पाळणे टांगले गेले. नियम मी केला: गोळी दिलेलं मूल आत घ्यायचं नाही. नियम चांगला होता. फक्त मुलं रडत. गोळीची सवय लागलेलं मूल साधं रडत नाही, अंग ताठ करून किंचाळतं. आवाज शेजारच्या खात्यात जाई, आईचं लक्ष उडे, धागे तुटत, बायकांवर देखरेख करणारी नायकीण शिव्या देई. दुसऱ्या दिवशी ती बाई मूल आणीतच नसे. पहिल्या महिन्याअखेर चोवीस पाळण्यांत सात मुलं होती.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं.

“दिवाळीच्या आधी मुंबईहून एक डॉक्टरीणबाई तपासायला येतील. त्या काय लिहितात त्यावर बघू. पाळणे रिकामेच टांगून ठेवायचे असतील तर ती शेड मला रद्दी कापसाला हवी आहे.”

म्हणजे दिवाळीनंतर तिथे गासड्या आणि मुलं पुन्हा गोळीवर. मला याची फार चीड आली आणि मी फिनेलचं प्रमाण वाढवलं. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

अक्का त्याच सुमारास झाडलोटीला लागली. तीन दिवस तिने मुकाट्याने झाडलं. चौथ्या दिवशी केरसुणी भिंतीला लावून ती माझ्यासमोर आली.

“बाई, ही पोरं भुकेनं न्हाय रडत.”

“मग कशाने?”

“वास न्हाय.”

मी बाटलीला बूच लावत होते. “इथे कसलाही वास येऊ नये म्हणूनच तर मी मरते आहे.”

“त्येच की. समदा तुमच्या बाटलीचा वास. आईचा कुटं हाय?”

मी हसले असेन. तिने लक्ष दिलं नाही. मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं एखादं बिनआईचं असलं, तर मेलेल्याचं कातडं काढून त्या पोरक्याच्या अंगावर बांधतात, हे तिने मला सांगितलं. मेंढी हुंगते आणि पाजते.

“मेंढी डोळ्यानं वळकत न्हाय, बाई, नाकानं वळकती. आनि पोरगं तर महिन्याचं. त्येला डोळं कुटलं?”

वाइंडिंग खात्यातल्या बाया कापसाची तुसं केसांत जाऊ नयेत म्हणून डोक्याला जुन्या लुगड्याचा धडपा बांधत. अक्काने सातही आयांकडून दिवसभर बांधलेला एकेक धडपा मागून घेतला आणि दुसऱ्या सकाळी ज्याचा त्याच्या पाळण्यात, गालाखाली पसरला. धडपे मळकट, तेलकट, घामाने ताठ झालेले. मला बघवेना. पण शेड जाणारच होती, तेव्हा चार दिवस हेही करून बघू म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सातांतली पाच मुलं दुपारी झोपली. मी म्हटलं, सवय झाली असेल. मग एका विणकराच्या सुनेने आपला आठ महिन्यांचा मुलगा आणला. तो जन्मल्यापासून गोळीवर होता. दोन दिवस त्याने शेड डोक्यावर घेतली. अक्काने त्याला आईच्या धडप्यात गुंडाळून घोंगडीने पाठीशी बांधलं आणि तशीच झाडत राहिली. तिसऱ्या दिवशी तो तिच्या पाठीवर झोपला, चौथ्या दिवशी पाळण्यात. आई संध्याकाळी आली ती दारातच थबकली.

“अय्यो! अक्का, मंत्र घातला काय?”

“व्हय, घातला की. तुज्याच घामाचा हाय. घरी जाऊन सासूला सांग.”

तिने सांगितलं असणार. दसऱ्यापर्यंत एकोणीस पाळणे भरले, नंतर बावीस. गोळीचं नाव निघेनासं झालं. मी मात्र मनात अजून ठरवलं नव्हतं की हे धडप्यांनी झालं की माझ्या नियमाने. खरं सांगायचं तर नियमाने झालं असं मानणं मला सोयीचं होतं.

डॉक्टरीणबाई येण्याच्या आदल्या दिवशी अक्का सुट्टीवर होती. भावाच्या मुलीला पाहुणे बघायला येणार होते. जाताना ती म्हणाली होती, “बाई, पाळण्यातल्या चिजांना हात लावू नगा. आल्यावर मी बगते.” मला वाटलं, माझे कष्ट वाचावेत म्हणून म्हणते आहे. मुलं घरी गेल्यावर मी शेड धुतली, पाळणे पुसले, आणि शेवटी बावीसच्या बावीस धडपे नि कपाटातले जास्तीचे दोन हंड्यात टाकून धुण्याच्या सोड्यात खळखळून उकळले. दोरीवर वाळत घातले तेव्हा ते बगळ्यासारखे पांढरे दिसत होते. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ते पाळण्यांत पसरले आणि भोंग्याला आया मुलं ठेवून गेल्या. पहिला तास बरा गेला. मग खिडकीजवळच्या मुलीने सुरुवात केली, तिच्या शेजारच्याने साथ दिली, आणि आठ वाजायच्या आत बावीस मुलं एका सुरात होती. मी सुंभ पायाला बांधून ओढला. साखरपाणी दिलं. खांद्यावर दोन घेऊन फिरले, तर वीस उरली. त्या विणकराच्या मुलाने अंग ताठ केलं, पहिल्या दिवसासारखं. त्याची आई खात्यातून धावत आली, मागून आणखी दोघी. तिने पदराची गाठ सोडून माझ्यापुढे धरली. इतके दिवस तिने ती जवळ बाळगली होती.

“बाई, गोळी हाय. देऊ? अर्धीच देते.”

मी नाही म्हटलं, पण आवाजात जोर नव्हता. साडेदहाला साहेब डॉक्टरीणबाईंना घेऊन येणार होते. बावीस किंचाळणारी मुलं बघून त्या काय लिहितील ते मला कळत होतं. आणि मुलांचं काय बिघडलं ते मात्र अजूनही कळत नव्हतं, इतकी मी शहाणी.

होटगीची गाडी उशिरा आली. अक्का नऊला आत शिरली. दारातूनच तिने पाळण्यांवर नजर फिरवली, जवळचा एक धडपा उचलला आणि नाकाशी नेला.

“सोडा?”

“हो.”

यापुढे ती मला त्या बाबतीत एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर अकरा वर्षांत नाही. तिने चोवीस पांढरे धडपे टोपलीत भरले, त्या तिघी आयांना पुढे घातलं आणि वाइंडिंग खात्याचं दार उघडलं. मी उंबऱ्यावर उभी राहिले, एक डोळा पाळण्यांवर ठेवून.

अक्का रांगेतल्या पहिल्या आईपाशी गेली, तिच्या डोक्याचा कालपासूनचा धडपा ओढून काढला आणि पांढरा बांधला. मग दुसरीचा. मुलं नसलेल्या बायांना वगळून ती पुढे सरके.

“आमाला न्हाय व्हय गं?” एकीने विचारलं.

“पोर आण, मग देते.”

खातं हसलं. नायकीण धावत आली.

“ए अक्का! हितं काय बाजार मांडलास? धागं तुटत्यात!”

“तुटलं तर मी जोडते. तू गप उबी ऱ्हा.”

“सायेब यायचाय, कळतंय का?”

“म्हनून तर. सायबाला असल्या मळक्या डोईच्या बाया दावनार हायस तू? बग की कसं पांडरं हाय. तुला बी आनलाय एक.”

नायकीण टोपलीत डोकावली. मग तिने डोकं पुढे केलं.

उतरवलेले धडपे अक्का डाव्या हातावर एकावर एक टाकत आली होती. सगळे एकाच रंगाचे दिसत, म्हणजे कळकट. शेडमध्ये येऊन ती एकेक पाळण्यापाशी थांबून एकेक टाकत सुटली.

“अक्का, कुणाचा कुठला हे कसं कळणार?”

“शंबर मेंढरं तोंडानं वळकायची मी, बाई. बावीस बायांचं काय घेऊन बसलाव!”

धडपा पसरला की मूल लगेच गप्प होई असं नाही. काही त्यात तोंड खुपसून हुंदके देत राहिली, काही त्याचं टोक चोखू लागली. पण हळूहळू सूर उतरला. कोपऱ्यातली दोन मात्र रडतच होती. अक्काने दोन्ही धडपे हुंगले, अदलाबदल केली आणि पुटपुटली, “जावाजावा हाईत. एका चुलीचा वास.” तीही दोघं निवली. इतके दिवस मी जे सोयीचं म्हणून मानत होते ते तिथे संपलं.

साडेदहाला साहेब आणि डॉक्टरीणबाई वाइंडिंग खात्यातूनच आत आले. साहेब खूश होते.

“बायांच्या डोक्याला स्वच्छ पांढरी फडकी! नर्सबाई, ही शिस्त तुमचीच दिसते.”

मी काही म्हणायच्या आत डॉक्टरीणबाईंनी एका पाळण्यातला धडपा दोन बोटांत धरून उचलला.

“आणि हे काय? तान्ह्या मुलीच्या तोंडाशी असला कपडा?”

साहेबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात भिंतीजवळून अक्काचा आवाज आला. मान खाली होती.

“माजं चुकलं, बाईसायेब. मी इसरले धुवायला.”

ती हे माझ्यासाठी म्हणाली. मी गप्प बसले असते तर प्रकरण तिथे मिटलं असतं. आयेला बोलणी बसली असती, उद्यापासून धडपे रोज उकळले गेले असते आणि आठवड्यात पाळणे रिकामे झाले असते.

“आया खोटं बोलते आहे,” मी म्हटलं. “ती काही विसरलेली नाही. चूक मी केली. काल पाळण्यांतले सगळे धडपे मी सोड्यात उकळले आणि आज सकाळी मुलांच्या रडण्याने इथे उभं राहवत नव्हतं. हे धडपे आयांच्या डोक्यावरचे आहेत. तासापूर्वी हिने मागून आणले. म्हणून ही मुलं शांत आहेत, आणि म्हणूनच ती गोळीवाचून राहतात.”

“हे तुम्हाला कोणत्या पुस्तकात मिळालं?”

“पुस्तकात नाही. हिच्या मेंढरांत मिळालं.”

साहेबांना खोकला आला. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो धडपा बाजूला ठेवला, आपल्या पिशवीतला स्वच्छ टॉवेल मुलीच्या गालाखाली घातला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. आम्ही सगळेच उभे राहिलो. मुलीने मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली, ओठ काढले आणि सुरू झाली. त्यांनी तिला रडू दिलं, मग टॉवेल काढून धडपा परत ठेवला. थोड्या वेळाने मुलगी त्याचं टोक मुठीत धरून गप्प पडली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न वळता अक्काकडे वळल्या.

“पण मग धुवायचे कधी?”

अक्काने मान वर केली. “दोन धडपे करायचे, बाईसायेब. एक आईजवळ, एक पाळण्यात. आयतवारी धुवायचा, आनि मंग दोन दिस आईनं आंगाला लावल्याबिगर पाळण्यात घालायचा न्हाय.”

“डोक्याला नको. कापसाची तुसं मुलाच्या नाकात जातील. चोळीच्या आत ठेवू द्यात.”

अक्काने विचार केला. “ह्ये बराबर हाय. माज्या ध्यानात न्हाय आलं.”

मी तिथे उभी होते. शिकलेल्या दोन बायकांपैकी एक मी, आणि बोलत होत्या त्या दोघी. मला त्या वेळी जो अभिमान वाटला तो माझ्या कुठल्याही सर्टिफिकेटाने दिलेला नाही.

शेड राहिली. साहेबांनी पांढऱ्या फडक्यांचा नियम खात्याला कायमचा लावला. तो कसा जन्माला आला ते त्यांना कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी आया विचारू लागल्या की सकाळी मुलं का रडली, तेव्हा अक्का म्हणाली, “धडपे माज्या हातनं पान्यात पडले, बायांनो.” साहेबांपुढे मी तिला थांबवू शकले, आयांपुढे तिने मला बोलूच दिलं नाही. त्या विणकराच्या सुनेने जाताना पदराची गाठ सोडली आणि आतली गोळी मोरीत टाकली. पाणी अक्काने ओतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला अहोजाहो करू लागले. पहिल्यांदा ‘अक्का, तुम्ही बसा’ म्हटलं तेव्हा ती घाबरली.

“बाई, माजं काय चुकलं?”

काही नाही म्हटलं. तिला ते आवडलं नाही, पण आठवड्याने तिने नाद सोडला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या सुधारणेसकट अक्काचा नियम एका फळीवर तीन भाषांत लिहून दाराशी लावला आहे. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण एखाद्या नव्या आईला कोणी तो चुकीचा वाचून दाखवला, तर ती शेडच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून दुरुस्त करी.

तिच्या भावाला निरोप देऊन मी त्या सकाळी पाळणाघर उघडलं. एकेक आई मूल ठेवायला आली तसं तिला सांगितलं. बायका रडल्या, धडपे पसरले आणि कामावर गेल्या. मीही दिवसभर काम केलं.

काल पुण्याहून नवी नर्स माझ्या हाताखाली आली. चुणचुणीत मुलगी आहे, नखं कापलेली, एप्रन कडक. सामान ठेवायच्या आधी तिने पाळणे पाहिले आणि मी हिशेबाच्या खोलीतून येते तोवर सात-आठ धडपे बादलीत गोळा करून ती सोडा शोधत होती.

“आज मंगळवार आहे,” मी म्हटलं.

“पण बाई, यांना वास येतो!”

मी तिला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. माझ्या हंड्यासकट. तिने मध्ये दोनदा तोंड उघडलं, मी बोलू दिलं नाही. संपल्यावर तिने अगदी माझ्या तेव्हाच्या थाटात विचारलं, “ही पद्धत कोणाची म्हणायची?”

मी हजेरीपुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि नावावर बोट ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं. मग उठून बादलीतला एकेक धडपा काढू लागली आणि विचारू लागली, हा कुणाचा, हा कुणाचा. मी नाकाशी नेऊन सांगत गेले.